रिकाम्या भोकांची फळी

ठाण्याजवळच्या दिव्यातल्या एका भाड्याच्या वन-रूम-किचनमध्ये भिंतीवर लावलेली ही फळी पहिल्यांदा पाहणाऱ्याला अर्धवट राहिल्यासारखी वाटते. चार फूट उंच, दोन फूट रुंद प्लायवूड. त्यात चार-चार इंचांवर गोल भोकं, आडवी पाच आणि उभी अकरा, म्हणजे एकूण पंचावन्न. जेमतेम वीसेक भोकांत सागवानी खुंट्या बसवल्यात. काही जोड्यांवर आडव्या पट्ट्या टेकल्यात, काहींना पिशव्या अडकवल्यात. बाकीची भोकं रिकामी. माझ्या मते या वस्तूची खरी गोडी त्या रिकाम्या भोकांतच आहे.

कोकणातल्या मातीच्या घरात खुंटी भिंतीतच बसवलेली असे. इरलं कुठे, कंदील कुठे, हे एकदा ठरलं की पिढ्यानपिढ्या तसंच राही, कारण भिंत आपली होती. दिव्यात कोकणातून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. सावंतवाडीची गाडी दिवा स्टेशनातूनच सुटते. पण इथली भिंत बहुतेकांची अकरा महिन्यांच्या कराराची. तिला खिळा मारायचा म्हटला तरी आधी डिपॉझिट आठवतं. अशा घरात खुंटीला भिंतीपासून सुटं व्हावंच लागलं. या फळीसाठी भिंतीला फक्त सहा स्क्रू लागले. पुढची सगळी अदलाबदल फळीवर होते, भिंतीला तिचा पत्ताही लागत नाही.

आता कारागिरी जवळून पाहा. प्लाय अठरा मिलिमीटर जाडीचं आणि पाण्याला टिकणारं, म्हणजे दुकानदार ज्याला मरीन म्हणतात ते, आयएस ७१० शिक्क्याचं. खाडीजवळच्या दमट हवेत इथे काटकसर केलेली चालत नाही. आठ बाय चारच्या शीटचा हा बरोबर चौथा हिस्सा, त्यामुळे तुकडे वाया गेले नाहीत. फळी थेट भिंतीला चिकटवलेली नाही. मागे वर-खाली पट्ट्या ठोकून पोकळी ठेवली आहे. त्या पोकळीमुळे खुंटीचं शेपूट भोकातून पलीकडे निघून भिंतीला टेकतं आणि ओल आली तरी हवा खेळते.

भोकांच्या रांगा मला पुन्हापुन्हा पाहाव्याशा वाटतात. गुण्या लावून आखणी, प्रत्येक खुणेवर टोच्याने आधी खड्डा, मग ड्रिल. भोक पाडताना मागे टाकाऊ लाकूड घट्ट दाबून धरलेलं असणार, कारण मागची कडही कुठे उचकटलेली नाही. एखादं भोक दोन मिलिमीटर खाली गेलं असतं, तर त्याच्यावरची पट्टी कायमची डुगडुगली असती. इथे कुठलीही पट्टी कुठल्याही रांगेत ठेवा, डगमगत नाही. पंचावन्न भोकांपैकी कुठली दोन उद्या जोडीने वापरात येतील हे करणाऱ्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने सगळ्यांनाच सारखा मान दिला.

भोकं किंचित तिरपी आहेत, त्यामुळे खुंट्यांची टोकं जराशी वर उचललेली. डबा आपसूक भिंतीकडे कलतो, लोकलच्या घाईत धक्का लागला तरी पुढे येत नाही. जड वस्तू मात्र खुंटीच्या मुळाशी हवी. चार किलोंची पिशवी भिंतीपासून तीन इंचांवर अडकवली तर जेवढा ताण पडतो, त्याच्या दुप्पट सहा इंचांवर पडतो. या घरातल्या बाईंनी ते कुणी न सांगता ओळखलंय: पिठाचा डबा मागे, रिकामी बरणी पुढे.

अमेरिकेतल्या पाककलेच्या लेखिका जुलिया चाइल्ड यांच्या स्वयंपाकघरातही भोकांची फळी होती. त्यांचे पती पॉल यांनी त्यावर प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा काढून ठेवली होती, म्हणजे भांडं आपल्याच जागी परत जावं. ते स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. शिस्त म्हणून मला ती रेषा आवडते. तरीही दिव्याची फळी मला अधिक मोठी वाटते, कारण इथे वस्तूच बदलत राहतात. गणपतीत वरच्या रांगेला पूजेचं सामान येतं, जूनमध्ये छत्र्या आणि रेनकोट, आणि मूल उंच झालं की दप्तराची खुंटी एक रांग वर चढते. अशा घरात रेषा काढायची तरी कशाभोवती?

पावसाळ्यात या फळीचा स्वभाव बदलतो. प्लायचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे भोकाचं माप जवळपास तेच राहतं. पण खुंटी भरीव लाकडाची. ती रेषांच्या आडव्या दिशेने, म्हणजे जाडीत फुगते. जुलैत ती भोकात घट्ट रुतून बसते, जानेवारीत सैल होते. त्यावर उपाय साधा: उन्हाळ्यातच खुंटीला पॉलिश पेपर मारायचा आणि मेणबत्तीचं मेण चोळायचं. काही सैल खुंट्यांना सुती चिंधीचा एक वेढा दिलेला दिसतो, तोही चालतो.

एक उणीव आहेच. सगळं उघड्यावर असल्यामुळे धूळ बसते, म्हणून ही फळी गॅसच्या वर लावू नये. तेलाच्या वाफेवर धूळ चिकटली की खुंट्यांचा रंगच जातो. इथे ती दाराजवळ आहे, हे बरंच झालं. घर बदलताना आधी खुंट्या काढून पिशवीत घालायच्या, सहा स्क्रू सोडवायचे, दोघांनी फळी उचलून टेम्पोत ठेवायची. भिंतीतल्या गिट्ट्या उपसून भोकं पुट्टीने बुजवली आणि वरून रंगाचा हात फिरवला, की घरमालकाला डिपॉझिट कापायला कारण उरत नाही.