एका चौकटीची समीक्षा

कादंबऱ्यांवर टीका करणारे पुष्कळ आहेत. रिकाम्या चौकटीवर टीका करायला कुणी पुढे येत नाही. म्हणून ते काम अस्मादिकांनी अंगावर घेतलं आहे. चौकट आहे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमधली, 'आर्ग्युमेंट्स' नावाची. प्रोग्राम सुरू होताना त्याच्या कानात जे सांगायचं, ते तिथे लिहायचं. आर्ग्युमेंट म्हटलं की मराठी माणूस हरत नाही, असा माझा समज होता.

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपचे हिशेब मी पाहतो. निवृत्तीनंतर हौसेनं शिकून पगारपत्रकाचा प्रोग्रामही केला. पगाराच्या दिवशी चौकटीत दोन गोष्टी लिहिल्या: "डी:\पगार पत्रक\" आणि मार्च. फोल्डरच्या नावात मोकळी जागा, म्हणून अवतरण चिन्हं घातली. मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे उघडलेलं बंदही केलं. प्रोग्राम म्हणतो, फोल्डर सापडत नाही! मी फोल्डर उघडून त्याच्यासमोर धरला. ढिम्म. बाहेर अकरा कामगार ताटकळलेले. एकानं डोकावून विचारलं, "साहेब, आज भेटते का नाही पगार?"

शेवटी मालकांचा इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या आला. "काका, काऊन वाद घालून राहिले त्याच्याशी? ती शेवटची तिरपी रेघ खोडा."

खोडली. पत्रक निघालं.

भानगड अशी, की उलटी तिरपी रेघ अवतरण चिन्हाला चिकटून आधी आली, की ती यंत्राला सांगते, 'याला चिन्ह समजू नको, साधं अक्षर समज.' त्यामुळे माझं अवतरण उघडंच राहिलं आणि अख्खा मार्च महिना फोल्डरच्या नावात शिरला. याला म्हणे 'एस्केप' म्हणतात. म्हणजे सुटका. कुणाची, ते विचारू नका.

रेघेचा तसा दोष नाही. 1961 साली बॉब बेमर यांनी तिला आस्की वर्णसंचात आणलं, ते अल्गोल भाषेतली 'आणि', 'किंवा'ची चिन्हं सरळ रेघेशी जोडून उमटवता यावीत म्हणून. पुढे सत्तरीच्या दशकात सी भाषेनं तिला एस्केपच्या कामाला जुंपलं. 1983 साली एमएस-डॉस 2.0 नं तिलाच फोल्डरांमधली भिंत केलं, कारण सरळ तिरपी रेघ आधीच दुसरीकडे नोकरीला होती. एकाच माणसाला नवरदेव आणि भटजी दोन्ही केल्यावर मंगलाष्टकं कुणी म्हणायची?

माझा राग आहे चौकटीवर. ती सगळं मुकाट्यानं गिळते. 'मला पहिलं हे समजलं, दुसरं हे' एवढं खाली दाखवलं असतं, तर काय बिघडलं असतं? वाण्याचा पोऱ्यासुद्धा यादी घेतल्यावर एकदा वाचून दाखवतो!

पाकीट घेताना मघाच्याच कामगारानं विचारलं, "काय झालं होतं साहेब?"

"एक रेघ जास्त पडली होती."

त्यानं पाकीट उघडून पुन्हा पैसे मोजले. "कोणाच्या नावावर?"