कुलूप कोणाचं?

गायक जातो आणि त्यानंतर त्याचं गाणं वाढायला लागतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण असंच होतं. जिवंतपणी ज्याच्या मोजक्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्याच्या नावावर पुढच्या वीस-तीस वर्षांत तासन्‌तास गाणं बाहेर येतं. कुणाच्या माळ्यावर स्पूल सापडतं, कुणी घरगुती मैफलीत टेपरेकॉर्डर लावलेला असतो, कुणाकडे आकाशवाणीवरून उतरवून घेतलेली कॅसेट असते. रसिक म्हणतात, अजून द्या. घरचे कधी देतात, कधी देत नाहीत. दिलं तर लोक म्हणतात, बापाच्या नावावर पैसे करताहेत. नाही दिलं तर म्हणतात, नागासारखे धनावर बसलेत. मग घरच्यांनी करायचं तरी काय?

आपण गाण्यावर भरभरून बोलतो, पण या देण्याघेण्यावर बोलत नाही. मला वाटतं, बोलायला हवं. कारण यात नुसता पैशाचा प्रश्न नाही. जो माणूस आता हो किंवा नाही म्हणू शकत नाही, त्याच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न आहे.

आमच्या मध्य प्रदेशातलं पहिलं नाव कुमार गंधर्वांचं. बेळगावजवळच्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924 रोजी जन्मले, क्षयाच्या आजारात 1948 साली देवासला आले, एका फुफ्फुसावर गायले आणि 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच गेले. त्यांच्यामागे वसुंधराताई 2015पर्यंत होत्या. मुलगी कलापिनी आणि नातू भुवनेश आजही गातात. या घराने काय केलं ते बघा. स्वतः गायले, शिकवलं. 2014 साली ‘कालजयी कुमार गंधर्व’ हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, त्याच्या संपादनात कलापिनीताई होत्या. म्हणजे आठवणी, लेख, विचार हे सगळं गोळा करून, नीट लावून लोकांपुढे ठेवलं. मला हे ध्वनिमुद्रणांच्या ढिगापेक्षा मोलाचं वाटतं. ढीग काय, कुणीही करतं. निवडून लावायला मात्र घरचं माणूस लागतं.

कुमारजींचाच एक धडा इथे उपयोगी पडतो. त्यांनी बालगंधर्वांची पदं आपल्या पद्धतीने गायली आणि त्या गाण्याला नाव दिलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. नुसतं ‘बालगंधर्व’ नाही. मला उमजलेले. या एका शब्दात सगळा प्रामाणिकपणा आला. ऐकणाऱ्याला कळतं की हे ते नव्हेत, हे त्यांच्याकडे बघणाऱ्या दुसऱ्या गायकाचं गाणं आहे. दुसऱ्याचा वारसा हाताळताना पाटी कशी लावावी, ते कुमारजींनी दाखवून दिलं.

ही पाटी हातात धरून मी ‘मी वसंतराव’ हा चित्रपट बघितला. वसंतराव देशपांडे म्हणजे आमच्या शेजारच्या विदर्भाचे. 1920 साली मूर्तिजापूरला जन्म, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे सुरुवातीचं शिक्षण, पुढे पुण्यात वर्षानुवर्षं लष्करी हिशेबखात्यात नोकरी, आणि 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ आल्यावर घरोघरी नाव. 30 जुलै 1983 रोजी गेले. चित्रपट 1 एप्रिल 2022 रोजी आला. दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी, आणि वसंतराव झाले त्यांचे नातू राहुल देशपांडे. गाणीही त्यांनीच गायली, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चित्रपट मला आवडला. विशेषतः वसंतरावांची आई. नवऱ्याचं घर सोडून, मुलाला एकटीने वाढवणारी ती बाई बघताना थिएटरातल्या आम्हा बायकांच्या घशाशी आलं. पण नाव बघा, ‘मी वसंतराव’. इथे ‘मी’ कोण? नातू आजोबांच्या वतीने ‘मी’ म्हणतो. कुमारजी जिथे ‘मला उमजलेले’ म्हणून एक पाऊल मागे थांबतात, तिथे हा चित्रपट एक पाऊल पुढे जातो. आजोबा गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. म्हणजे हेही उमजलेलेच वसंतराव, ऐकून, वाचून, गाऊन उमजलेले. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट मोठं काम आहे. पण नावाने ते झाकलं जातं.

तरी एका बाबतीत या घराला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. राहुलनी स्वतःच्या गळ्याने गायलं. आजोबांचा आवाज कापून-जोडून नव्या गाण्यात बसवला नाही. लोकांची अपेक्षा काय असते? हुबेहूब आजोबा. ‘डोळे मिटले की वसंतरावच’ असं आपण कौतुकाने म्हणतो, आणि त्या कौतुकात नातवाचा गळा आवळतो हे लक्षात येत नाही. गायकाच्या घरातल्या मुलामुलींवर रसिकांचं हे फार जुनं कर्ज आहे, आणि ते त्यांनी घेतलेलंही नसतं.

आता दुसरी बाजू. मैहरच्या अन्नपूर्णादेवी. अल्लाउद्दीन खाँसाहेबांची मुलगी, सुरबहार वाजवणारी. तरुणपणीच लोकांसमोर वाजवणं बंद केलं, पुढे मुंबईच्या घरात बसून आयुष्यभर शिकवलं. ध्वनिमुद्रिका काढू दिली नाही. 13 ऑक्टोबर 2018 रोजी गेल्या. आणि आज त्यांच्या वादनाची थोडीशी, खासगी, खरखरीत मुद्रणं सगळ्यांच्या फोनवर आहेत. मीही ऐकली आहेत. सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू. पण ऐकताना मला आपल्या अणुव्रतातला एक शब्द आठवत राहतो, अदत्तादान. न दिलेलं घेणं. आपण अचौर्य म्हणजे कुणाच्या पेटीला हात न लावणं, एवढंच समजतो. पण शब्द नीट बघा. वस्तू चोरली की नाही हा प्रश्नच नाही, दिली होती का, एवढंच विचारलंय. अन्नपूर्णादेवींनी दिलं नव्हतं.

कुणी म्हणेल, मग काय, कला बंद पेटीत मरू द्यायची? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच धर्माच्या इतिहासात आहे, आणि ते सरळ नाही. षट्‌खंडागमावरची धवला टीका शतकानुशतकं मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर बंद होती. लोक जात, लांबून दर्शन घेत, वाचायला मिळत नसे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला नक्कल करायचं काम निघालं, तेव्हा गजपती शास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने गुपचूप एक कानडी प्रत करून घेतली. ती सहारनपूरला पोचली, तिच्या नकला झाल्या, आणि 1939 साली अमरावतीहून डॉ. हीरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड छापून काढला. आज पाठशाळेत आपण जे सहज उघडतो, त्याच्या मुळाशी ही चोरून केलेली प्रत आहे. त्या लक्ष्मीबाईंना मी मनातल्या मनात अनेकदा नमस्कार केला आहे.

मग लक्ष्मीबाईंना नमस्कार आणि अन्नपूर्णादेवींचं मुद्रण फिरवणाऱ्याला दोष, हा दुटप्पीपणा झाला का? मी यावर बरेच दिवस विचार केला. फरक आहे, आणि तो कुलपाचा आहे. धरसेनाचार्यांना भीती वाटली की आपल्यामागे हे श्रुत लोपेल, म्हणून त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली यांना बोलावून ते दिलं. श्रुतपंचमी आपण त्याचसाठी करतो. म्हणजे मूळ देणाऱ्याला ते पसरायला हवं होतं. कुलूप लावलं ते पुढच्या राखणदारांनी. अन्नपूर्णादेवींचं कुलूप मात्र त्यांनी स्वतः लावलं होतं. राखणदाराचं कुलूप उघडावं, मालकाचं उघडू नये, एवढं साधं आहे हे.

हा नियम लावून बघितला की बऱ्याच गोष्टी सुटतात. अल्लादिया खाँसाहेबांनी आपलं गाणं मुद्रित होऊ दिलं नाही. 1946 साली ते गेले आणि तो आवाज कायमचा गेला. हळहळ वाटते. पण गाणं गेलं नाही. केसरबाई, मोगूबाई यांच्या गळ्यातून ते पुढे आलं. केसरबाईंचं भैरवीतलं गाणं तर 1977 साली व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेलं. मालकाच्या कुलपानेही परंपरा मरत नाही, शिष्य असले तर.

पण सगळी कुलपं अशी पवित्र नसतात. काही भावाभावांच्या भांडणाची असतात, काही नुसत्या आळसाची. काही तर घरच्यांची नसतातच. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून 60 वर्षं असतो आणि जुन्या रेकॉर्डींच्या बाबतीत तो बहुधा कंपनीकडे असतो, कुटुंबाकडे नाही. रसिक मात्र घरच्यांना शिव्या घालतात. आणि कपाटात पडलेल्या टेपला हे काही कळत नाही. तिला बुरशी लागते, ती चिकटते, तुटते. म्हणून जपणं आणि प्रसिद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत. प्रसिद्ध करा न करा, जपा सगळंच. आणि प्रसिद्ध केलं तर तारीख, गाव, साथीला कोण, एवढं तरी लिहा. यूट्यूबवर नुसतं ‘दुर्मीळ’ लिहिलेलं शेकडो तास गाणं म्हणजे लेबल नसलेले मसाल्याचे डबे. वास घेत बसा.

आता तर यंत्राने नवाच पेच आणला आहे. बीटल्सचा जॉन लेनन 1980 साली गेला. त्याच्या जुन्या कॅसेटवरचा आवाज यंत्राने पियानोच्या आवाजातून वेगळा काढून 2023 साली गाणं पुरं केलं. आवाज त्याचाच, त्याने गायलेलाच. माझ्या मते ही धूळ झाडणं झालं. पण न गायलेलं गाणं मेलेल्या माणसाच्या गळ्यात घालणं वेगळं. ए. आर. रहमान यांनी 2024च्या ‘लाल सलाम’मध्ये दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने वापरले. कुटुंबांना विचारलं, मोबदला दिला, जाहीर सांगितलं. त्याच सुमाराला एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या मुलाने, आपल्याला न विचारता वडिलांचा आवाज एका तेलुगू चित्रपटात वापरला म्हणून नोटीस पाठवली. विचारून केलेलं न विचारता केलेल्यापेक्षा बरं, हे उघडच आहे. तरी मला विचारून केलेलंही पटत नाही. मुलाला वडिलांचं घर मिळतं, दागिने मिळतात. वडिलांच्या तोंडी नवे शब्द घालायचा हक्क मिळतो, असं कुठल्या वाटणीपत्रात असतं?

तुम्ही म्हणाल, मोठ्या गायकांच्या गोष्टी, आपल्याला काय. पण आपल्या घरांतही हेच आहे. इथे बालाघाटात कितीतरी घरांत आजीच्या, मावशीच्या आवाजातल्या स्तवनांच्या कॅसेटी आहेत. पर्युषणात मंदिरात गायलेलं कुणीतरी फोनवर घेतलेलं असतं. बाई गेली की बाराव्या दिवसाच्या आत ते सगळ्या ग्रुपवर फिरतं, खाली फुलं आणि हात जोडलेले. तिने ते फिरवायला दिलं होतं का, कुणी विचारत नाही. कुठे उलट, सुनेला माहीत नसतं म्हणून कॅसेट भंगारात जाते आणि तिच्याबरोबर एखादी जुनी चालही जाते, जी दुसरं कुणीच गात नव्हतं. दोन्हींत त्या बाईचं मत कुठेच नाही.

ते मत घ्यायला वकील लागत नाही. जी गाते आहे तिला आताच विचारायचं, हे सगळ्यांना ऐकवलं तर चालेल का, की घरातच राहू दे? ती काय म्हणाली ते कॅसेटीवर लिहायचं, नावाशेजारी, तारखेखाली. आणि तिने नको म्हटलं, तर कितीही गोड असलं तरी घरातच ठेवायचं.