रकान्यात बसवलेली लागण

एचआयव्हीच्या सरकारी अहवालांत एक तक्ता वर्षानुवर्षं भेटतो: लागण कोणत्या मार्गाने झाली? ‘नाको’च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, अशा तक्त्यांत भिन्नलिंगी संबंधांचा वाटा बराच काळ ८५ टक्क्यांच्या वर राहिला. भाषणांत, लेखांत आपण हा आकडा सहज वापरतो. मग विचारायला हवं, की तो नेमकं मोजतो काय?

आमचं म्हणणं असं, की तो लागणीचा मार्ग मोजत नाही, विचारल्यावर मिळालेलं उत्तर मोजतो. या दोन गोष्टी एक नव्हेत.

तपासणी केंद्रात काय होतं बघा. रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. समुपदेशक विचारतात, समोरचा माणूस सांगतो, त्याची नोंद होते. विषाणूवर मार्गाचा शिक्का नसतो, आणि लागण होऊन कित्येक वर्षं उलटलेली असू शकतात. शिवाय सप्टेंबर २०१८ पर्यंतचा बहुतांश काळ कलम ३७७ पूर्णपणे लागू होतं. पुरुषाशी संबंध आहेत असं सरकारी केंद्रात सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखंच. लग्न झालेल्या पुरुषाला त्यापेक्षा दुसरं उत्तर सोपं जातं. तो खोटारडा असतो असं नाही. त्याचे बायकोशीही संबंध असतातच. फक्त रकाना एकच भरला जातो.

आता बायकोचं बघू. मणिपूरमध्ये १९९० च्या सुमारास सुईने नशा करणाऱ्यांमध्ये साथ वेगाने पसरली. पुढे त्यांच्या बायकांनाही लागण झाली, ज्यांनी सुईला कधी हात लावला नव्हता. तक्त्यात ही बाई ‘भिन्नलिंगी संबंध’ या रकान्यात जाते. नोंद चूक नाही, पण ती नवऱ्याच्या सुईपर्यंत पोचत नाही. रकाना शेवटचा दुवा सांगतो, साखळी सांगत नाही.

अमेरिकेत हीच अडचण वेगळ्या रीतीने हाताळली गेली. तिथल्या सीडीसीच्या व्याख्येत नुसते भिन्नलिंगी संबंध पुरत नाहीत. जोडीदाराला एचआयव्ही आहे किंवा त्याला मोठा धोका आहे, हे माहीत असावं लागतं. नाहीतर नोंद ‘जोखीम आढळली नाही’ अशी होते. अशा नोंदी वाढल्या तेव्हा संख्याशास्त्राने त्या वेगवेगळ्या मार्गांत वाटून दाखवायला सुरुवात झाली. हाही अंदाजच, पण तो अंदाज आहे हे सांगितलं जातं. आपल्याकडे भिन्नलिंगी संबंध हेच गृहीत उत्तर होऊन बसण्याचा धोका आहे. मग अज्ञान तक्त्यात दिसतच नाही, कारण ते सगळ्यात मोठ्या रकान्यात मिसळून गेलेलं असतं.

यात काय बिघडतं? पाकिस्तानातल्या रतोदेरोचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये तिथे शेकडो जणांना लागण झाल्याचं उघड झालं, त्यात बहुसंख्य लहान मुलं होती. बऱ्याच मुलांच्या आया निगेटिव्ह होत्या. म्हणजे आईकडून नाही, लैंगिक संबंधांचा प्रश्नच नाही. म्हणून बोट असुरक्षित इंजेक्शनांकडे वळलं. मुलं नेहमीच्या रकान्यांत बसली नाहीत, म्हणून शोध लागला. आता तीच सुई चाळीस वर्षांच्या विवाहित माणसाला टोचली असती तर? ‘भिन्नलिंगी’ लिहून फाईल बंद झाली असती.

इथे एक सावधगिरी हवी. यावरून तो ८५ टक्क्यांचा आकडा खोटा आहे असं सिद्ध होत नाही. आपल्या देशात बहुतेक लागण भिन्नलिंगी संबंधांतूनच होते, असं मानायला इतर कारणंही आहेत. आमचा आक्षेप आकड्याच्या आत्मविश्वासावर आहे. कारण निधी कुठे जायचा, कोणत्या वस्तीत काम उभं राहायचं, हे ठरवताना असे तक्ते समोर असतात. जो गट नोंदीत दिसत नाही, तो बजेटमध्येही दिसत नाही.

मग रुग्णाला आणखी खोदून विचारायचं का? मुळीच नाही. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ ने गुप्ततेचा हक्क दिला आहे, आणि पोलिसी चौकशीने खरं उत्तर मिळत नाही, माणूस केंद्रात येणं मात्र थांबतं. करायचं ते नोंदीच्या बाजूने करावं. एकाहून जास्त जोखमी नोंदवता याव्यात. प्रत्येक उत्तरापुढे ‘हे कशावरून’ लिहिलं जावं: रुग्णाने सांगितलं, जोडीदाराच्या तपासणीवरून कळलं, की आपणच गृहीत धरलं. आणि ‘माहीत नाही’ हा रकाना भरला तर समुपदेशकाचं काम कमी पडलं असं समजू नये. साथीच्या हिशेबात प्रामाणिक ‘माहीत नाही’ हीसुद्धा माहितीच असते.