सुख कोणाच्या हातात? आत्मविकासाची पुस्तकं आणि ग्रामगीता

अनसिंगसारख्या गावात 'व्यक्तिमत्त्व विकास आणि सुख' या विषयावर बोलायचं, तर आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही सुखी होण्याचे सात नियम सांगायला आलेलो नाही. ते सांगणारी पुस्तकं वाशिमच्या बसस्थानकावरही मिळतात, आणि आता तर मोबाईलवर फुकट ऐकायला मिळतात. आम्हाला आज त्या पुस्तकांचंच परीक्षण करायचं आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा एवढा हक्क आम्हाला द्यावा.

या पुस्तकांची टिंगल करणं सोपं आहे. आम्ही ती करणार नाही. पहाटे उठा, व्यसन सोडा, रागावर ताबा ठेवा, दुसऱ्याशी तुलना करत बसू नका, यात चूक काय आहे? काहीच नाही. आपले कीर्तनकार हेच सांगत आले. एपिक्टेटस नावाचा तत्त्वज्ञ जन्माने गुलाम होता. काही गोष्टी आपल्या ताब्यात असतात, काही नसतात, हा भेद ज्याला कळला तो शांत राहतो, असं त्याचं म्हणणं. आजची निम्मी पुस्तकं या एका विचाराच्या व्याजावर जगतात.

अडचण पुढे येते. 'द सिक्रेट' हे पुस्तक 2006 साली आलं आणि मराठीतही भरपूर खपलं. त्याचं सार असं, की तुम्ही जो विचार करता तेच तुमच्याकडे ओढलं जातं. आता हे वाक्य उलटं करून पाहा. ज्याच्याकडे दुःख आलं, त्याने ते स्वतःच ओढून घेतलं! 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात बऱ्याच ठिकाणी त्याच्या खालीच भाव मिळाला. त्या शेतकऱ्याला आम्ही काय सांगायचं? तुझे विचार नकारात्मक होते म्हणून भाव पडला? बाप्पा, हे तर जुन्या कर्मवादापेक्षाही कठोर झालं. कर्मवाद निदान मागच्या जन्माला दोष देत होता. हे पुस्तक याच जन्मातल्या, आज सकाळच्या विचाराला दोष देतं. ज्या पट्ट्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, तिथे असं बोलणं आम्हाला निर्दयपणाचं वाटतं.

गंमत अशी, की या साहित्याचा उगम एकट्या माणसात नाही. सॅम्युअल स्माइल्सचं 'सेल्फ-हेल्प' 1859 साली प्रसिद्ध झालं. पुढच्या सगळ्या पुस्तकांचं ते आजोबा. पण त्याचं बीज कुठे पडलं? लीड्स शहरातल्या काही गरीब तरुणांनी संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना शिकवायला सुरुवात केली होती. ज्याला जे येत होतं, ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं. त्यांनी बोलावलं म्हणून स्माइल्स तिथे बोलायला गेला. म्हणजे 'स्वतःची मदत' हे नाव पुस्तकाला पडलं, पण मुळात ती एकमेकांची मदत होती. लोकांनी नावावरून स्वार्थाचा अर्थ काढला, याची तक्रार स्माइल्सनेच 1866 च्या प्रस्तावनेत केली आहे.

दुसरा साक्षीदार जॉन स्टुअर्ट मिल. विसाव्या वर्षी, 1826 साली, त्याने स्वतःला विचारलं की आपल्या मनातल्या सगळ्या सुधारणा आजच घडल्या तर आपण सुखी होऊ का? आतून उत्तर आलं, नाही. त्यानंतर कित्येक महिने तो खिन्न होता. 1873 साली निघालेल्या आत्मचरित्रात तो सांगतो, की सुखाच्या मागे थेट धावलं की ते हाती लागत नाही. दुसऱ्या कशात तरी मन गुंतवलं की वाटेत भेटतं.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता 1955 ची. तिचे 41 अध्याय आहेत. आत्मविकासाचं पुस्तक म्हणून ती कोणी वाचत नाही. पारायण होतं, परीक्षा होतात, पण तिच्याशी वाद कोणी घालत नाही. आम्ही म्हणतो, अध्यायांची नुसती नावं घ्या. प्रारब्धवाद आहे, प्रयत्न-प्रभाव आहे, जीवनकला आहे. आजच्या पुस्तकातही हे विषय सापडतील. पण त्यांच्याच पंगतीत ग्राम-आरोग्य, संघटन-शक्ती आणि संसर्ग-प्रभावही बसले आहेत. मोरीचं पाणी आणि मनाची शांती एकाच ग्रंथात! शहरी समीक्षकाला ही खिचडी वाटेल. आम्हाला त्यात विचार दिसतो.

तो असा. एपिक्टेटसने दोन ढीग केले. एक माझ्या हातातलं, दुसरं माझ्या हाताबाहेरचं. पण मराठी माणसाला तिसरा ढीग चटकन दिसायला हवा, कारण आपल्या भाषेत 'मी' आहे, 'आम्ही' आहे आणि 'आपण'ही आहे. 'आपण' म्हटलं की ऐकणाराही आत आला. राग आवरणं माझ्या हातात. पाऊस कोणाच्याच हातात नाही. पण गावातली शाळा, नाली, दारूचं दुकान, माल एकत्र विकून भाव पदरात पाडणं, हे एकट्याच्या हातात नाही आणि देवाच्याही नाही. ते आपल्या हातात आहे. आत्मविकासाची पुस्तकं हा तिसरा ढीग पहिल्यात टाकतात आणि माणसाला अपराधी करतात. दैववादी तो दुसऱ्यात टाकतात आणि माणसाला आळशी करतात. ग्रामगीता त्याला वेगळी जागा देते. तिचं खरं मोल आम्हाला इथे वाटतं.

पण परीक्षण म्हटलं की दुसरी बाजूही आली. ग्रामगीतेचा गावावर फार विश्वास आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी याच विश्वासावर घाव घातला होता. गाव हे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर आहे, असा त्यांचा आरोप. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्याने कोणत्या 'आपण'मध्ये शिरायचं? दलितसेवेवर आणि महिलोन्नतीवर ग्रामगीतेत अध्याय आहेत, हे खरं. पण 'सेवा' या शब्दात एक करणारा असतो आणि एक करून घेणारा. बरोबरीचा हक्क हा त्याच्या पुढचा टप्पा आहे. एखादी मुलगी गावाच्या मताविरुद्ध शिकायला निघाली, तर तिला एकटीचं बळ लागतं. तिच्यासाठी ते बसस्थानकावरचं पुस्तकच जास्त कामाचं ठरेल. हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

मग करायचं काय? ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राची दहा पुस्तकं आहेत. सुख म्हणजे काय, या प्रश्नाने तो ग्रंथ सुरू होतो आणि त्यातली दोन पूर्ण पुस्तकं मैत्रीला दिलेली आहेत. मैत्री म्हणजे असा 'आपण', की ज्यात 'मी' पुसला जात नाही. कोणत्याही गावाची, कोणत्याही मंडळाची परीक्षा आम्ही याच कसोटीवर घेऊ. इथे माणूस वेगळं मत मांडून पुन्हा त्याच सतरंजीवर बसू शकतो का? शकत असेल, तर तिथे त्याची वाढ होईल.

आपला वाशिम जिल्हा 2018 पासून सरकारच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत आहे. शब्द चांगला आहे. पण जिल्ह्याने आकांक्षा धरायची म्हणजे कोणी धरायची? प्रत्येकाने आपापल्या घरात, आपापल्या मोबाईलसमोर? तेवढ्याने भागणार नाही. आत्मविकासाचं पुस्तक जरूर वाचा, पण चार जणांत वाचा आणि प्रत्येक सल्ल्यापुढे लिहा: हे माझ्या हातात, हे कोणाच्याच नाही, हे आपल्या हातात. ग्रामगीताही तशीच वाचा, हात जोडून झाल्यावर प्रश्न विचारत.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुम्ही विचारा. पटलं नसेल त्यांनी आधी विचारा.