'ताण' : एक संज्ञा, तीन शास्त्रे

मराठी परिभाषेवरची टीका बहुधा शब्दांच्या क्लिष्टतेपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. 1962 साली शासनाच्या भाषा संचालनालयाचा पदनाम कोश प्रसिद्ध झाला, तेव्हा आचार्य अत्रे यांनी त्याची 'बदनाम कोश' अशी संभावना केली. तेव्हापासून संस्कृतप्रचुर शब्द विरुद्ध सुबोध शब्द हाच वादाचा ठरलेला आखाडा झाला आहे. संज्ञा सोपी की कठीण हा प्रश्न गौण नाही. परंतु संज्ञा एका शास्त्रातून दुसऱ्या शास्त्रात जाते तेव्हा तिच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचा असून त्याकडे कोशकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. अभियांत्रिकी, वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत आज सारख्याच आग्रहाने वापरली जाणारी 'स्ट्रेस' ही संकल्पना व तिचे मराठी पर्याय या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

इंग्रजीत हा शब्द शास्त्रीय काटेकोरपणाने प्रथम स्थिर झाला तो अभियांत्रिकीत. घन पदार्थाच्या अंतर्भागातील बलांचे गणित 1820 नंतरच्या दशकात कोशी या फ्रेंच गणितज्ञाने मांडले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रँकिन याने 'स्ट्रेस' आणि 'स्ट्रेन' या तोवर सैलपणे वापरल्या जाणाऱ्या दोन शब्दांची वाटणी करून दिली. एकक क्षेत्रफळावर पडणारे आंतरिक बल म्हणजे स्ट्रेस. त्यासोबत पदार्थाच्या लांबीत वा आकारात होणारा सापेक्ष बदल म्हणजे स्ट्रेन. बांधकामाचे साधे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे 250 न्यूटनपर्यंतचा भार सोसते व भार काढताच पूर्ववत् होते; ती मर्यादा ओलांडली की बदल कायमचा राहतो. बल एकीकडे व बदल दुसरीकडे, ही या शास्त्रातील व्यवस्था आहे.

वैद्यकात ही व्यवस्था उलटली. हान्स सेल्ये यांनी 1936 साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, शस्त्रक्रिया, अतिश्रम, औषधांच्या मारक पातळीहून कमी मात्रा, कारण कोणतेही असो, उंदरांच्या शरीरात तीच लक्षणे दिसतात, असे त्यांचे निरीक्षण होते : अधिवृक्क ग्रंथी वाढतात, थायमस आकसतो, जठरात व्रण पडतात. टिपणाच्या शीर्षकात 'स्ट्रेस' हा शब्द नाही. तो नंतर आला आणि आला तो शरीराच्या प्रतिसादाला, म्हणजे परिणामाला, उद्देशून. मग कारणाला नाव उरले नाही म्हणून 'स्ट्रेसर' हा नवा शब्द घडवावा लागला. आपले इंग्रजी त्या काळी अधिक पक्के असते तर आपण 'स्ट्रेन' हाच शब्द निवडला असता, अशी कबुली सेल्ये यांनी उत्तरायुष्यात दिली. गंमत अशी की वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1935 सालच्या आपल्या लेखाच्या शीर्षकात दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले होते. भेद हाताशी होता. वैद्यकाने तो उचलला नाही, एवढेच.

वनस्पतिशास्त्रात जेकब लेविट यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा गोंधळ जाणीवपूर्वक दूर करण्याचा प्रयत्न केला. त्यांनी थेट अभियंत्याचे कोष्टक घेतले : दुष्काळ, गोठण, क्षार हे स्ट्रेस, वनस्पतीत घडणारा बदल तो स्ट्रेन, आणि तो बदल परतण्याजोगा असेल तर स्थितिस्थापक, न परतण्याजोगा असेल तर अपरिवर्तनीय. रूपक मोठे तर्कशुद्ध आहे. पण वनस्पती म्हणजे लोखंडाची कांब नव्हे. कांब भाराखाली जे होते ते निमूट होते; वनस्पती भार येताच मुळे खोल नेते, पर्णरंध्रे मिटते, पेशीरसातील विद्राव्य द्रव्ये वाढवते. या साऱ्याला 'विरूपण' म्हणणे कठीणच. तरीही लेविट यांच्या मांडणीचा उपकार हा की, कारण आणि परिणाम यांना दोन नावे मिळाली.

आता मराठीकडे पाहावे. अभियांत्रिकीत स्ट्रेससाठी 'प्रतिबल' आणि स्ट्रेनसाठी 'विकृती' हे शब्द रूढ आहेत, वैद्यक व मानसशास्त्रात 'ताण' अथवा 'तणाव', शेतीशास्त्रात 'ताण'. प्रत्येक विषयाची समिती निराळी आणि कोशही निराळा, अशी आपल्याकडे पद्धत असल्यामुळे या तीन शब्दांमागे एकाच संकल्पनेचा प्रवास आहे हे विद्यार्थ्याला कळण्यास मार्गच राहिलेला नाही. 'प्रतिबल' त्या मानाने चांगला शब्द आहे. बाह्य भाराला पदार्थाने आतून दिलेले उत्तर त्यातील उपसर्गाने सूचित होते. 'विकृती' मात्र सदोष आहे. वैद्यकात विकृती म्हणजे रोगावस्था. विकृतिशास्त्र हे रोगांचे शास्त्र. भार काढताच मागमूस न ठेवता नाहीशी होणारी तारेची लांबी आणि यकृतातील रोगट पेशी यांना एकच नाव देणे हे अर्थशास्त्रीय काटकसरीचे असेल, भाषाशास्त्रीय विवेकाचे नाही. अस्थिरोगाच्या संशोधनात तर दोन्ही शास्त्रे एकाच वाक्यात येतात. वारंवार पडणाऱ्या भाराने हाडाला जी बारीक चीर जाते, तिचे वर्णन करताना 'अस्थीतील विकृती' म्हणजे हाडाचे मोजता येणारे आकुंचन की हाडाचा रोग, हे वाचकाने संदर्भावरून ताडायचे!

'तणाव' या शब्दाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. तंबूच्या दोऱ्यांना मराठीत 'तणावे' म्हणतात. मनाच्या अस्वस्थतेसाठी आज सर्रास वापरला जाणारा 'तणाव' हिंदीतील 'तनाव'च्या वळणावर गेलेला आहे. त्यात गैर काही नाही. पण 'ताण' जवळ असताना दुसरा शब्द कोणता वेगळा अर्थ सांगतो, हे तो वापरणाऱ्यांनी स्पष्ट केलेले दिसत नाही.

खरा विचार करण्याजोगा शब्द 'ताण' हाच होय, आणि तो ज्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे ते लोक कोशसमितीवर नसतात. संत्रा, मोसंबी, डाळिंब यांचे बागाईतदार आंबे बहार, मृग बहार किंवा हस्त बहार धरण्यापूर्वी काही काळ बागेचे पाणी तोडतात. याला 'ताण देणे' म्हणतात. बाग 'ताणावर सोडतात'. हलक्या जमिनीत तो लवकर 'बसतो', भारी काळ्या जमिनीत ओल टिकून राहत असल्याने उशिरा. वाढ थांबून पाने मलूल होऊ लागली की झाडाने 'ताण घेतला'. मग बेताचे पाणी देऊन 'ताण तोडतात' आणि झाड फुलावर येते. पाऊस लांबून उभ्या पिकाचे नुकसान झाले तर मात्र कोणी 'ताण दिला' म्हणत नाही. तेथे पिकाला 'ताण पडला'. येथे नाम एकच आहे, परंतु देणे, पडणे, बसणे, घेणे आणि तोडणे या क्रियापदांनी कर्ता, कारण, परिणाम, तीव्रता व शेवट असे सगळे भेद बिनचूक दाखविले आहेत. रँकिनने दोन नामांनी जे साधले, सेल्ये यांना ज्यासाठी तिसरे नाम घडवावे लागले, ते मराठी बोलीने क्रियापदांवर सोपविले आहे. आपले परिभाषाकोश नामांचे कोश आहेत. इंग्रजी नामासमोर मराठी नाम ठेवले की नोंद पुरी झाली, अशी समजूत त्यांत गृहीत आहे. त्यामुळे हा भेद नोंदविण्यास त्यांत जागाच नाही.

याचा परिणाम संशोधनपर लेखनात दिसतो. 'ताणामुळे वनस्पतीतील ताण वाढतो' अशा धर्तीचे वाक्य मराठीत आज सहज लिहिले जाऊ शकते आणि व्याकरणदृष्ट्या त्यात दोष काढता येत नाही. पहिला ताण जमिनीतील पाण्याच्या तुटीचा, दुसरा पानातला. दुसरा मोजता येतो : शोलँडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली वर्णिलेल्या दाबकोठीत पान ठेवून त्यातील पाण्यावरील ओढ मेगापास्कलमध्ये वाचतात, पोलादावरील प्रतिबलही त्याच एककात मोजतात. जमिनीच्या बाबतीत उणे 1.5 मेगापास्कल ही कायमच्या कोमेजण्याची सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. मोजमाप इतके नेमके असताना भाषा संदिग्ध राहावी, हे संशोधनाला परवडणारे नाही. 'पिकाला ताण पडला असता पाने ताण घेतात' असे लिहिले तर संदिग्धता राहत नाही. हे वाक्य ग्रामीण वाटते म्हणून प्रबंधात नको, असा आक्षेप येईल. तो अभिरुचीचा आक्षेप आहे.

'ताणसहनशील' या लोकप्रिय विशेषणाचेही असेच झाले आहे. लेविट यांनी ताण टाळणारी आणि ताण सोसणारी अशी वनस्पतींची विभागणी केली होती. मालदांडी 35-1 ही रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. तिची मुळे ती ओल शोधतात, पाने गुंडाळून पाणी राखतात. हे बरेचसे टाळणे आहे. उलट पेशी जवळजवळ कोरड्या पडूनही पाणी मिळताच हिरवी होणारी शेवाळे ताण खऱ्या अर्थाने सोसतात. दोहोंना 'सहनशील' म्हटले की वाण निवडणाऱ्याने पीक मुळांवर पारखावे की पेशींवर, हा प्रश्नच झाकला जातो. बारामतीजवळ 2009 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेच्या नावातच 'ताण' आहे. तेव्हा शब्द आता शेतापुरता राहिलेला नाही.

याच कुळातला आणखी एक शब्द. लेविट यांनी वनस्पतीच्या सरावाला जे नाव वापरले तेच धातुशास्त्रातही आहे आणि मराठीत त्याचे 'दृढीकरण' होते. रोपवाटिकेत मात्र लागणीपूर्वी पाणी कमी करून रोपे 'काटक' करतात. काटक रोप असते, काटक माणूस असतो. पोलादाला काटक म्हणत नाहीत. थंड अवस्थेत ठोकलेले पोलाद कठीण होते, आणि त्यासोबत त्याची लवण्याची शक्ती घटते. काटक झालेले रोप शेतात लावल्यावर नवी मुळे फोडते.