‘रेल्वेमुळे गोंदिया वाढलं’ : एका वाक्याची उलटतपासणी

संशोधन आराखड्याच्या पहिल्या पानावर मी हेच वाक्य लिहिलं होतं. मी दवनीवाड्याचा, गोंदिया तालुक्यातला. मला ते इतकं उघड वाटलं की संदर्भही दिला नाही. मार्गदर्शकांनी लाल पेनाने एवढंच लिहिलं : ‘कशावरून?’ म्हणून आज ज्या स्रोतातून हे वाक्य येतं, त्याचंच परीक्षण करू.

तो स्रोत म्हणजे ‘इम्पीरियल गॅझेटिअर ऑफ इंडिया’, 1908 सालची आवृत्ती, खंड बारावा. त्यात गोंदियाची नोंद अगदी छोटी आहे. भंडारा जिल्हा, तिरोडा तहसील, 1901 ची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आसपास, बंगाल-नागपूर रेल्वेचं स्टेशन आणि मालाच्या व्यापाराचं ठिकाण. माहिती नेमकी आहे, हा तिचा गुण. पण गाव फलाटावर उभं राहून पाहिलेलं आहे. माल ‘आजूबाजूच्या मुलखातून’ येतो. त्या मुलखात कोण राहतं, धान कोण पिकवतं, हे नाही. दवनीवाड्यासारखी गावं त्या एका शब्दात संपतात.

आता मुख्य अडचण. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा रेल्वेमार्ग 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि हा मार्ग तिच्याकडे गेला. त्याच मार्गावर तिरोडाही आहे, आणि तहसिलीचं ठिकाण तेव्हा तेच होतं. म्हणजे रेल्वे दोघांना मिळाली, कचेरी फक्त तिरोड्याला. तरी 2011 च्या जनगणनेत गोंदिया एक लाख तीस हजारांच्या वर आणि तिरोडा पाव लाखाच्या आसपास! प्रयोगशाळेच्या भाषेत तिरोडा हा आपला ‘कंट्रोल’. नुसती रेल्वे हे कारण असतं, तर एवढा फरक पडायला नको होता.

मग वेगळं काय? 1903 च्या सुमारास गोंदियाहून नैनपूरकडे सातपुड्याची नॅरोगेज सुरू झाली, पुढे ती जबलपूरपर्यंत गेली. तिचे रूळ अडीच फुटी, मुख्य मार्गाचे साडेपाच फुटी. डबा तसाच पुढे जाणार नाही. पोतं उतरवायचं, दुसऱ्या गाडीत चढवायचं. त्यासाठी हमाल लागले, गोदामं लागली, अडते लागले. माझं गृहीतक असं की गोंदियाला रेल्वेने नव्हे, तर दोन रेल्वेंच्या *न जुळण्याने* वाढवलं. पण लक्षात घ्या, हेही अजून गृहीतकच आहे. बिडी आणि भातगिरण्यांचा वाटा वेगळा काढल्याशिवाय ते सिद्ध होत नाही.

इथेच प्रशासनाचा इतिहास आडवा येतो. गोंदिया आधी मध्य प्रांतात, 1956 पासून मुंबई राज्यात, 1960 पासून महाराष्ट्रात. आणि स्वतंत्र जिल्हा झाला 1 मे 1999 ला. म्हणजे त्याआधीचा ‘भंडारा जिल्हा’ हा आकडा आजच्या भंडाऱ्याचा नाही. सरळ तुलना केली की घोळ झालाच. रेल्वेचा कारभार तर निराळ्याच वाटेने गेला : कंपनीनंतर 1955 पासून कोलकात्याचं मुख्यालय असलेली दक्षिण पूर्व रेल्वे, 2003 पासून बिलासपूरची दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. गावचा नगराध्यक्ष गोंदियात, जिल्हाधिकारी कित्येक वर्षं भंडाऱ्यात, आणि रेल्वेचा वरचा साहेब दुसऱ्याच राज्यात. कागदही तसेच विखुरलेले असणार, हे धरूनच वेळापत्रक आखा.

तेव्हा गॅझेटिअर वाचाच, पण साक्षीदार म्हणून. न्यायाधीश म्हणून नको. तो कुठे उभा होता ते विचारा, आणि तुमच्या विषयातलं ‘तिरोडा’ शोधा. माझं पहिलं वाक्य आता असं आहे : ‘गोंदिया का वाढलं आणि तिरोडा का नाही?’ यावर लाल पेन चाललं नाही.