‘स्प्रिंग इंटिग्रेशन’मधील घटकजोडणी : एक चिकित्सक विचार

भिन्न संगणकप्रणाली संदेशांद्वारे कशा जोडाव्यात, याची ६५ आकृतिबंधांतील मांडणी ग्रेगोर होपे व बॉबी वुल्फ यांनी २००३ मध्ये ‘एंटरप्राइज इंटिग्रेशन पॅटर्न्स’ या ग्रंथात केली. २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ ही संज्ञा रूढ झाली. घटकाने आपल्याला लागणारे अन्य घटक स्वतः निर्माण न करता कंटेनरकडून स्वीकारावेत, हे तिचे सार होय. जावा भाषेतील ‘स्प्रिंग इंटिग्रेशन’ने २००८ मध्ये या दोन विचारांची सांगड घातली.

या फ्रेमवर्कमध्ये संदेश वाहून नेणारे चॅनेल हादेखील कंटेनरने सांभाळलेला एक घटकच असतो. कामकाजाचे नियम साध्या जावा क्लासमध्ये राहतात. संदेशाचा मार्ग एक्सएमएल फाइलमध्ये लिहिला जातो. प्रत्येक घटकाची स्वतंत्र चाचणी त्यामुळे सुकर झाली, हे श्रेय निर्विवाद आहे. (एक्सएमएलच्या पाल्हाळाविषयीची तक्रार वेगळी, ती येथे गौण आहे.) परंतु या जोडणीचे सैलपण दिसते तितके खरे नाही.

मागणी नोंदविणारा आणि साठा कमी करणारा असे दोन घटक एका चॅनेलने जोडले आहेत, असे समजू. चॅनेलचा प्रकार सांगितला नाही, तर ते ‘डायरेक्ट’ धरले जाते. पाठविणाऱ्याच्याच थ्रेडवर पुढील घटक चालतो आणि डेटाबेसचे एकच ट्रान्झॅक्शन दोहोंना व्यापते. साठ्याची नोंद फसली, तर मागणीची नोंदही रद्द होते. आता त्याच चॅनेलमध्ये ‘क्यू’ हा टॅग घालून स्वीकारणाऱ्या घटकाला पोलर जोडला, की हा बंध तुटतो. मागणी कायम होते, संदेश मात्र मेमरीतील रांगेत थांबतो. तेवढ्यात सर्व्हर बंद पडल्यास तो नाहीसा होतो. मागणी आहे, पण साठा घटलेला नाही! जावा क्लासमधील एक अक्षरही यात बदललेले नसते. संदेश डेटाबेसमध्ये साठविण्याची सोय फ्रेमवर्कमध्ये अवश्य आहे. तिची गरज निर्माण झाली, हे मात्र फाइल वाचणाऱ्यास कोठेही दिसत नाही.

नावांचीही गत अशीच. स्वीकारणाऱ्या घटकाने उल्लेखिलेले चॅनेल अस्तित्वात नसेल, तर ते आपोआप निर्माण केले जाते. नाव टंकताना झालेली चूक म्हणून कंपायलरला कळत नाही, प्रणाली सुरू होतानाही कळत नाही. मूळ चॅनेलला ग्राहकच नाही, हे पहिला संदेश पाठविल्यावर उघड होते.

२०१७ च्या ५.० आवृत्तीत जावा डीएसएल मूळ गाभ्यात समाविष्ट झाली आणि संदेशाचा मार्ग जावामध्येच लिहिणे सोयीचे झाले. थेट चॅनेल व रांग यांतील भेद मात्र तेथेही एका मेथडच्या उल्लेखाएवढाच उरला आहे.